सायकलीवर निघण्याआधी काय खावं: तर्री पोहे, डिंकाचा लाडू आणि खिशातला कांदा

वर्ध्याहून सेवाग्राम-पवनारचा फेरा मारणारा, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारा आणि रोज गावातून तालुक्याच्या कॉलेजला सायकल हाणणारा, या तिघांनाही घरून एकच सल्ला मिळतो: काही तरी दमदार खाऊन निघ. दमदार म्हणजे काय, हे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं. आजी डिंकाचा लाडू पुढे करते. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे कच्ची अंडी फोडून पितात. मोबाईलवरचा कुणी सांगतो, रिकाम्या पोटी जा, चरबी जळते. यातलं काही अर्धं खरं, काही साफ चूक. घड्याळाकडे मात्र यातलं कुणीच पाहत नाही. निघण्याच्या किती आधी खाल्लं आणि सायकल किती वेळ चालवायची, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की काय खायचं हे बरंचसं घरातल्या डब्यांतच सापडतं.

अंगात शिल्लक किती असते

सायकल चालवताना स्नायू मुख्यतः साखर आणि चरबी जाळतात. चरबी किडकिडीत माणसाच्या अंगातही दिवसच्या दिवस पुरेल इतकी असते, पण ती सावकाश जळते. चढ लागला, समोरून वारा आला किंवा मागे कुत्रं लागलं, की स्नायू साखरेवर येतात. ही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. स्नायूंमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. एका ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर सगळा साठा साधारण १,५०० ते २,४०० कॅलरींचा होतो.

६०-६५ किलोचा माणूस सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १८-२० किलोमीटरने चालला तर तासाला ४०० ते ५०० कॅलरी लागतात. त्यातल्या निम्म्या किंवा थोड्या जास्त साखरेतून येतात, चढावर हा वाटा आणखी वाढतो. म्हणजे तासाभराच्या सायकलीसाठी वेगळं काही खाण्याची गरज नाही. सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलीवरून चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला घरची नेहमीची न्याहारी पुरते, तिला ग्लुकोजचा डबा नको. खरा प्रश्न दीड तासापुढे सुरू होतो, आणि दोन-अडीच तासांच्या पुढे तो टाळता येत नाही.

रात्रभर झोपेत मेंदू यकृतातली साखर वापरत राहतो. सकाळपर्यंत यकृताचा साठा बराच उतरतो, स्नायूंमधला मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणून रात्रीचं जेवण पायांच्या कामी येतं आणि सकाळचं खाणं रक्तातली साखर धरून ठेवायला. सकाळी काहीच न खाता लांब गेलेल्या माणसाचे पाय ठीक असतात, पण डोकं हलकं होतं, हात थरथरतात, उगाच चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी झाडाखाली थांबून २०-३० ग्रॅम साखर किंवा गूळ खायचा आणि दहा-पंधरा मिनिटं बसायचं. जोर लावून ‘बस पाच किलोमीटर तर राहिले’ म्हणत पुढे गेलं की पडणं ठरलेलं.

तर्री पोह्यांचं काय करायचं

पोहे हे सायकलीआधीचं उत्तम खाणं आहे. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदकं असतात (पिष्ट आणि साखर मिळून), चोथा कमी, स्निग्ध जवळजवळ नाही. पोटातून ते लवकर पुढे सरकतात. घोळ होतो तो तर्रीत. नागपुरी तर्रीत हरभरा असतो, तिखट असतं आणि वर तेलाचा लाल तवंग. एक मोठा चमचा तेल म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास स्निग्ध. स्निग्ध पदार्थ जठराला हळू रिकामं व्हायला लावतात. हरभऱ्यातली काही साखर लहान आतड्यात पचतच नाही, ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळते आणि गॅस धरतो. तिखटाने छातीत जळजळ होते, त्यात हँडलवर वाकून बसलं की पोट दाबलं जातं आणि आंबट पाणी घशाशी येतं.

यात भर म्हणजे जेवण पचवायला आतड्यांना रक्त लागतं, आणि पाय जोरात चालू लागले की तेच रक्त पायांकडे आणि अंग गार ठेवायला कातडीकडे वळतं. आतड्यांचं काम अर्धवट राहतं. मळमळ, पोटात मुरडा, अर्ध्या रस्त्यात वावर शोधायची वेळ, हे सगळं त्यातून येतं.

सायकलीआधीचे पोहे असे करायचे: माणशी ६० ग्रॅम जाड पोहे, एक छोटा चमचा तेल, थोडा कांदा, मीठ हात राखून न घालता, वरून लिंबू. शेंगदाणे चार-सहा दाणे चवीपुरते. कोरडे वाटले तर तेल वाढवायचं नाही, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. निघण्याच्या दीड-दोन तास आधी खाल्ले तर पोट हलकं राहतं. तर्री, आलुबोंडा-रस्सा, शेगावची कचोरी, हे सगळं परतीचं खाणं. कचोरी खाऊन चढावर गेलेल्याला ती प्रत्येक वळणावर आठवते.

भाकर की भात

वऱ्हाडात ज्वारीची भाकर आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत भात, हा फरक सायकलीच्या बाबतीतही कामाचा आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८-७० ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि जवळपास १० ग्रॅम चोथा. ६५ ग्रॅम पिठाची एक भाकर धरली तर तिच्यातून ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. रोजच्या जेवणाला हा चोथा फार चांगला, पण सायकलीच्या तासभर आधी तो पोटात पडून राहतो. भाकर खायची तर अडीच-तीन तास आधी. सोबत पातळ वरण किंवा ताक चालेल. ठेचा आणि झुणका नको, झुणक्यात बेसन आणि तेल दोन्ही आलं. ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून ताकात घेतल्या तर भाकरीपेक्षा हलक्या पडतात.

भाताला चोथा कमी. म्हणून निघण्याच्या दोन तास आधी भाकरीपेक्षा मऊ भात, पातळ वरण आणि मीठ बरं. भात खाल्ला की सुस्ती येते हे खरं आहे, पण ती बहुधा दुपारच्या ताटभर भाताने आणि दुपारच्या वेळेनेच येते. १०० ग्रॅम तांदळाच्या भाताने सकाळी कुणी आडवं होत नाही.

एक इशारा मात्र गंभीर आहे. रात्रीचा भात उघड्यावर ठेवून सकाळी फोडणी देऊन खाणं उन्हाळ्यात धोक्याचं. भातात राहिलेले काही जिवाणू उबेत वाढतात आणि विष सोडतात, ते विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर माणूस घरापासून वीस किलोमीटरवर असतो. फ्रिज नसेल तर शिळा भात सायकलीआधी खायचाच नाही. शिळी भाकर कोरडी असल्याने त्या मानाने सुरक्षित.

किती आणि कधी

खेळाडूंच्या आहाराचा सर्वमान्य ठोकताळा असा आहे: निघण्याच्या १ ते ४ तास आधी, वजनाच्या दर किलोला १ ते ४ ग्रॅम कर्बोदकं. जितके तास हातात, साधारण तितके ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दोन तास असतील तर १२० ग्रॅम, एकच तास असेल तर ६०. दोन तासांच्या वर चालवायचं नसेल तर एवढंही लागत नाही, निम्म्यात भागतं.

१२० ग्रॅम म्हणजे ताटात काय? ६० ग्रॅमचे पोहे (४५ ग्रॅम), दोन केळी (५०), दोन चमचे साखरेचा चहा (१०) आणि छोटा गुळाचा खडा (१५). ऐकायला जास्त वाटतं, पण पोट तुडुंब भरत नाही, कारण तेल आणि चोथा यात फारसा नाही. एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर ६० ग्रॅम पोहे मोजून घरच्या वाटीत टाकून पाहिले की पुढे काटा लागत नाही.

पहाटे पाचला निघायचं असेल तर

वरचा सगळा हिशेब मार्च ते जूनमध्ये विदर्भात कोलमडतो. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत. उन्हाळ्यात लांब जायचं तर पहाटे पाचला निघून नवाच्या आत परतायला हवं. पाचला निघायचं म्हणून तीनला उठून पोहे कुणी करणार नाही, करूही नये. झोप मोडून मिळालेल्या पोह्यांपेक्षा झोप मोलाची.

इथे रात्रीचं जेवण हेच मुख्य इंधन. साडेसात-आठला जेवायचं, नेहमीपेक्षा एक भाकर किंवा वाढाभर भात जास्त, वरण, पचेल अशी भाजी. सावजी, वडाभात, रोडग्यांचं जेवण आदल्या रात्री नको. वडाभातात भातापेक्षा तेल जास्त जातं, आणि बिट्ट्या-रोडग्यांवर तूप किती ओतलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. झोपण्याआधी भूक असेल तर एक केळं.

पहाटे उठल्यावर भांडंभर पाणी. मग चहा, दोन टोस्ट, एक केळं. हे सगळं मिळून ४५-५० ग्रॅम कर्बोदकं होतात, आणि ती यकृतासाठी पुरेशी आहेत. टोस्टऐवजी खारी घेऊ नका, खारीत डालडा असतो. निघण्याआधी संडासला जाऊन यायचं. गरम चहाने अनेकांचं पोट हलतं, ते घरी हललेलं बरं.

इतकंही तोंडात जात नसेल तर चालेल, फक्त मग पहिलं खाणं रस्त्यात लवकर करायचं. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, भूक लागण्याची वाट न पाहता. भूक जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

रिकाम्या पोटी चरबी जळते का

जळते. उपाशी पोटी हळू सायकल चालवली तर त्या तासात चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. पण उरलेल्या दिवसात शरीर त्याची भरपाई करतं आणि चोवीस तासांचा हिशेब मांडला तर फारसा फरक उरत नाही. वजन उतरतं ते दिवसभरात खाल्लेल्यापेक्षा जास्त खर्च झाला तर. तासाभराची निवांत फेरी रिकाम्या पोटी करायला हरकत नाही. चढ, शर्यत किंवा दोन तासांची फेरी तशी केली तर जोर लागत नाही, आणि घरी येऊन माणूस दुप्पट जेवतो.

तूप, बदाम, डिंक, अंडी

तुपाचा लाडू ताकदीचा आहे, पण ती ताकद दुपारी मिळते. एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात म्हणून लाडू लहान असूनही भारी. पण अंगात चरबीचा तुटवडा मुळात नाहीच. सकाळी साडेसहाला खाल्लेला डिंकाचा लाडू आठला घाटात पोटातच असतो. बदाम-काजू, शेंगदाणे, तीळ यांचंही तेच. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. गूळ-शेंगदाणे परतल्यावर खावेत.

कच्च्या अंड्याचा समज तर सोडूनच द्यावा. कच्च्या अंड्यातली निम्म्याच्या आसपास प्रथिनं पचतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या घरात. शिवाय कच्च्यातून पोटाच्या संसर्गाची भीती. आणि प्रथिनं हे सायकलीचं इंधन नव्हेच, ती नंतरच्या डागडुजीला लागतात. परत आल्यावर तासाभरात तीन उकडलेली अंडी किंवा घट्ट वरण-भात खाल्ला की काम झालं.

दूध-केळं एकत्र विष असतं, संत्र्यावर दूध प्यायलं की नासतं, या गोष्टींना आधार नाही. जठरातल्या आम्लात दूध तसंही फाटतंच, पचनाची ती पहिली पायरी आहे. मात्र भारतात बऱ्याच मोठ्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध प्यायल्यावर पोट गुरगुरत असेल तर सायकलीआधी दूध टाळायचं, कारण एवढंच.

चहा उष्ण असतो, अंगातलं पाणी काढतो, असंही म्हणतात. रोज चहा पिणाऱ्याच्या बाबतीत कपभर चहातलं पाणी अंगातच राहतं. उलट कॅफिनने दम टिकतो असं दिसलं आहे, पण त्यासाठी किलोमागे ३ मिलिग्रॅम तरी लागतं. ६० किलोला १८०. आपल्या कपात असतं ३०-५०. तेव्हा चार कप चहा ढोसून निघण्यात अर्थ नाही, एक कप सवयीपुरता ठीक.

निघता निघता साखर

शर्यतीच्या रांगेत उभं राहून ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी करणारे दिसतात. याने चमत्कार होत नाही, सहसा नुकसानही होत नाही. अडचण असते ती अर्धा ते एक तास आधी नुसती साखर खाल्ली तर. साखर रक्तात येते, इन्सुलिन वाढतं, तेवढ्यात पायही साखर ओढायला लागतात आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत रक्तातली साखर थोडी खाली जाते. बहुतेकांना ते कळतही नाही. काहींना गळून गेल्यासारखं होतं. तुम्ही त्यातले असाल तर गोड खाणं निघण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी किंवा सायकलीवर बसल्यावरच घ्या.

पाणी, मीठ आणि कांदा

विदर्भात सायकलस्वाराचा घात भुकेपेक्षा उन्हाने जास्त होतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो. शर्ट कोरडा दिसतो म्हणून घामच आला नाही असं वाटतं, आणि घरी आल्यावर पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे सापडतात. श्रावणात उलट: घाम निथळत राहतो, वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही.

आपला घाम किती जातो ते मोजता येतं. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा निघताना ६२ किलो, आल्यावर ६०.८. वाटेत एक लिटर पाणी प्यायलात. म्हणजे १.२ अधिक १, असा २.२ लिटर घाम. फेरी दोन तासांची असेल तर तासाला १.१ लिटर. पुढच्या वेळी इतकं सगळं भरून काढायची गरज नाही, पण वजनात दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नाही. ६२ किलोला ती सव्वा किलो. एप्रिल-मे आणि ऑगस्ट असं वर्षातून दोनदा मोजलं की अंदाज पक्का होतो.

सायकल चालवताना पाणी पिऊ नये, पोटात कळ येते, हा तालमीतला जुना समज. कळ येते ती एकदम अर्धा लिटर घटाघटा प्यायल्याने. दर दहा-पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट घेतले तर येत नाही. निघण्याच्या दोन-तीन तास आधी ३००-४०० मिलिलिटर पाणी पुरे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी ठीक आहे.

दुसरं टोकही वाईट. चार-पाच तास हळू चालवत, दर थांब्यावर बाटलीभर साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस बरळायला लागतो. हे पाणी कमी पडल्यासारखं दिसतं म्हणून लोक आणखी पाणी पाजतात, आणि तेच जिवावर बेततं. वाटेत वजन घटण्याऐवजी वाढलं असेल तर पाणी थांबवा.

तासाभरापुढच्या फेरीला बाटलीत हे न्या: १ लिटर पाणी, ४० ग्रॅम साखर (चहाचे ८-१० सपाट चमचे), पाव चमचा मीठ, एका लिंबाचा रस. कपड्यावर मिठाचे पट्टे उमटत असतील तर मीठ थोडं वाढवा, अर्ध्या चमच्यापुढे नको. साखर ६० ग्रॅमपर्यंत नेता येते. त्याहून गोड केलं तर ते जठरातच रेंगाळतं, पोट डचमळतं आणि तहान भागत नाही. उसाचा रस याच कारणाने निव्वळ पिऊ नये, त्यात साखर १३-१५ टक्के असते. अर्धा रस, अर्धं आपल्या बाटलीतलं पाणी, आणि ठेल्यावरचा बर्फ अजिबात नको. साखरेऐवजी गूळ चालेल. कामाला दोन्ही सारखेच, फक्त गुळाचं पाणी गाळून घ्या, नाहीतर बाटलीचं तोंड बुजतं.

आरोग्य केंद्रातलं ओआरएस वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते घाम भरून काढतं, पण इंधन म्हणून अपुरं. डब्यातली ग्लुकोज पावडर नेमकी उलटी, साखर भरपूर आणि मीठ नावाला. आणि दुकानातली गोड फळपेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. ताक मीठ घालून फार चांगलं, पण घरी, आधी किंवा नंतर. बाटलीत उन्हात तास-दीड तासात ते आंबून जातं.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं म्हणतात. त्याबद्दल थोडक्यात: खिशातून कांदा काहीच करत नाही. कांदा बाळगणारे कास्तकार डोक्याला दुपट्टा बांधतात, अकराच्या आत वावरातून परततात आणि माठातलं पाणी पीत राहतात, त्यानेच ते वाचतात. कांदा जेवणात खा. उन्हात कुणी बरळू लागलं, अंग तापलेलं आणि चाल लटपटती, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पायात गोळे आणि केळं

केळ्यात पोटॅशियम असतं म्हणून गोळे येत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. घामातून पोटॅशियम फार थोडं जातं. सायकलीवरचे बहुतेक गोळे थकलेल्या स्नायूला मिळणाऱ्या चुकीच्या इशाऱ्यांनी येतात: सवयीपेक्षा लांब गेलो, सीट खाली होती, चढावर जड गिअर ओढला. उपाय म्हणजे थांबून तो स्नायू ताणणं. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा अंगाकडे ओढायचा, अर्धा-एक मिनिट. अमेरिकेत २०१० मध्ये झालेल्या एका प्रयोगात लोणच्याचं खारट-आंबट पाणी प्यायल्यावर गोळा लवकर सुटला, आणि तोही रक्तात काही पोहोचण्याच्या आत. म्हणजे परिणाम घशातल्या चेतातंतूंवरचा. ते पाणी व्हिनेगरमधल्या काकडीचं होतं. आपल्या आंब्याच्या लोणच्याचं तेल प्यायला जाऊ नका.

केळं मात्र इंधन म्हणून खाच. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पिकलेलं घ्यायचं, हिरवट केळं जड जातं.

रस्त्यात काय न्यायचं

दीड ते अडीच तासांच्या फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. वरच्या बाटलीतून ४० मिळतात, उरलेल्याला एखादं केळं किंवा चार खजूर. आपल्याकडची एक चीज यासाठी उत्तम आहे आणि तिला कुणी विचारत नाही: मुरमुऱ्याचा गुळातला लाडू. ३० ग्रॅमच्या लाडूत सुमारे २५ ग्रॅम कर्बोदकं, तेल नाही, उन्हात वितळत नाही, किराण्यात सहज मिळतो. फक्त कोरडा असतो, सोबत पाणी हवं. राजगिऱ्याचा लाडूही चालेल. शेंगदाण्याची चिक्की नको, तिच्यात तेल आलं. काटोल-वरूड-मोर्शीच्या रस्त्यावर हंगामात संत्री मिळतात. एका संत्र्यात बारा-पंधरा ग्रॅम साखर आणि भरपूर रस, पण पोट रिकामं असेल तर काहींना आंबट ढेकर येतात.

चिखलदऱ्यासारख्या सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी चढताना खाणं घाटाच्या पायथ्याशी उरकायचं. चढावर धाप लागलेली असताना घास गिळता येत नाही, ठसका लागतो. वर माकडांसमोर पिशवी उघडू नका, केळी हातची जातात.

शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ नको, मग तो कितीही चांगला ऐकलेला असो. पोटालाही सराव लागतो. रस्त्यात खायची सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी तासाला २०-३० ग्रॅमच घ्यावेत आणि तीन-चार आठवड्यांत वाढवत न्यावेत.

मधुमेह आणि रक्तदाब

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी वरचा हिशेब तसाच लावू नये. सायकलीने साखर आणखी उतरते, कधी कधी परतल्यावर काही तासांनी किंवा रात्री झोपेतही. डोस आणि वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, निघण्याआधी साखर तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा आणि एकटे लांब जाऊ नका. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाच्या पाण्याबद्दलही आधी विचारून घ्यावं. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि मे महिन्यात सकाळी ती गोळी घेऊन सायकलीवर निघणाऱ्याचं पाणी दोन्हीकडून जातं.